गोड कांदा कुणाचा, बियाण्याचा की मातीचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत. चालवून घ्या.

तर सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. कॉलेजातला माझा रूममेट सध्या अटलांटाला असतो. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याने रविवारी पिठलं-भाकरी केली. भाकरी फुगली, ठेचा जमला, आणि सोबत हवा म्हणून त्याने बुक्कीने कांदा फोडला. नोटमध्ये साहेब वैतागलेले: "अरे, नाकात काहीच जात नाही रे. डोळ्यांत टिपूस नाही. सफरचंद खाल्ल्यासारखं वाटतंय. याला कांदा म्हणायचं?" मागोमाग पिशवीचा फोटो. पिशवीवर नाव होतं, व्हिडालिया.

मी तो फोटो मामाला पाठवला. मामाची निफाड तालुक्यात कांद्याची शेती आहे. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "चाळीत किती दिवस टिकतो ते विचार."

एकाला कांदा रडवत नाही म्हणून तक्रार, दुसऱ्याला तो टिकेल का याची काळजी. या दोन गोष्टींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, आणि ते शोधता शोधता मी जवळजवळ शंभर वर्षं मागे गेलो.

आधी कांदा कापल्यावर होतं काय ते बघू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. अख्ख्या कांद्याला फारसा वास नसतो, हे लक्षात आलंय का कधी? त्याच्या पेशीत दोन वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एक आयसोॲलिन, हे गंधक असलेलं संयुग. दुसरं ॲलिनेज नावाचं एन्झाइम. सुरी फिरली की मधली भिंत फुटते, दोघं भेटतात आणि काही सेकंदांत साखळी सुरू होते. त्यातून एक उडून जाणारा पदार्थ तयार होतो. तो डोळ्यांपर्यंत पोहोचला की पाणी. बाकीच्या वाटांनी कांद्याची ती उग्र चव तयार होते. शिजवताना हे एन्झाइमच निकामी होतं, म्हणून भाजलेला कांदा गोड लागतो.

डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ नेमका कोणता यावर बरीच वर्षं गेली. फिनलंडचे आर्टुरी व्हर्टानेन, ज्यांना १९४५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, त्यांच्या प्रयोगशाळेने साठच्या दशकात एक उत्तर दिलं. ते अगदी जवळचं होतं, पण नेमकं नव्हतं. बरोबर रेणू १९७१ मध्ये ओळखला गेला. त्याआधी, १९६१ मध्ये, श्विमर आणि वेस्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक कामाची युक्ती शोधली. या साखळीत पायरुविक आम्लही तयार होतं. ते मोजलं की कांदा किती तिखट आहे ते आकड्यात कळतं. तोपर्यंत तिखटपणा मोजायचं साधन म्हणजे माणसाची जीभ, आणि दोन-तीन कांदे चाखल्यावर जीभ कामातून जाते. आजही जगभर कांद्याचा तिखटपणा या पद्धतीने किंवा तिच्या सुधारित रूपांनी मोजतात.

आता मुद्द्याचं. आयसोॲलिनमधलं गंधक येतं कुठून? जमिनीतून. मुळं ते सल्फेटच्या रूपात घेतात, झाड त्यातून आधी अमिनो आम्ल बनवतं, आणि त्यापुढे हे चवीचं संयुग. यंत्रणा बियाण्यात लिहिलेली, कच्चा माल मातीचा. मी सॉफ्टवेअरवाला असल्याने मला लगेच वाटलं, सोपं आहे, कोड आणि इनपुट. इतकं सोपं नाहीये, ते पुढे येईलच.

चला जॉर्जियाला. अमेरिकेच्या आग्नेयेकडचं हे राज्य, आणि त्यात टूम्ब्स काउंटी. साल १९३१. महामंदीचे दिवस. मोझ कोलमन नावाच्या शेतकऱ्याने कांदा लावला, काढला, आणि तो तिखट निघेना. तिथे जी गोष्ट सांगतात तीनुसार आधी त्याला विकायची पंचाईत झाली. पण लोकांनी एकदा चव घेतल्यावर ५० पौंडांची गोणी साडेतीन डॉलरला जायला लागली, आणि त्या काळात हा भाव मोठा होता. शेजाऱ्यांनीही कांदा लावला. पुढे व्हिडालिया गावात राज्य सरकारने शेतमालाचा बाजार उभा केला. गाव हमरस्त्यांच्या नाक्यावर, त्यामुळे येणारे-जाणारे प्रवासी पिशव्या भरून न्यायचे, आणि नाव पडलं 'व्हिडालियाचा कांदा'.

तिथली जमीन वाळूमिश्रित आहे. सल्फेट अशा जमिनीत धरून राहत नाही, पाऊस पडला की पाण्याबरोबर खाली झिरपून जातं. कांद्याला गंधक कमी मिळतं, आयसोॲलिन कमी बनतं, आणि मग जी साखर कांद्यात आधीपासून असतेच ती जिभेला जाणवू लागते. हे 'आधीपासून असतेच' नीट ऐका. गोड कांद्यात साखर जास्त असते हा गैरसमज आहे. साठवणुकीच्या तिखट कांद्यात कित्येकदा साखर त्याहून जास्त भरते. तिखटपणाच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही इतकंच.

म्हणजे मातीचा विजय? थांबा. जॉर्जियापासून दूर, अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियात डेव्हिसला कोलमनच्या सहा वर्षं आधी वेगळंच काहीतरी घडलं होतं.

१९२५ मध्ये हेन्री जोन्स नावाच्या संशोधकाला 'इटालियन रेड' जातीच्या कांद्यांत एक झाड दिसलं. फुलं आली, पण बी धरेना. त्याचे परागकण निकामी होते. एरवी असं झाड म्हणजे वंश संपला. पण या झाडाने फुलांच्या गेंदात बीऐवजी बारीक कांद्या धरल्या, आणि त्या लावून जोन्सला ते झाड जगवता आलं. झाडाचा नंबर होता १३-५३. जोन्स आणि त्याचा सहकारी क्लार्क यांनी हे वांझपण आनुवंशिकतेने कसं पुढे जातं याचा उलगडा १९४३ मध्ये छापला. एक भाग पेशीद्रव्यातून, आईकडून येतो, आणि एक भाग केंद्रकातल्या जनुकावर ठरतो.

याचं इतकं महत्त्व का? कांद्याचं फूल म्हणजे शेकडो बारकी फुलं एका गेंदात. संकरित बी करायचं तर प्रत्येक बारक्या फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागले असते. ते कोण करणार? पण आई-झाडच परागहीन असेल तर शेजारी दुसरी जात लावायची, बाकीचं काम मधमाश्या करतात. जगातल्या संकरित कांद्याचा धंदा या एका झाडापासून सुरू झाला. याच तत्त्वावर पुढे इतर पिकांतही संकरित बी झालं. एका वांझ झाडाला कुणी उपटून बांधावर फेकलं नाही म्हणून. शास्त्राच्या इतिहासातली माझी ही फार लाडकी जागा आहे.

या तंत्राने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला 'ग्रॅनेक्स' नावाचा पिवळा, चपटा संकरित कांदा आला. एका बाजूला टेक्सासमधला ग्रॅनो, ज्याचं मूळ बी स्पेनमधून आलेलं, आणि दुसऱ्या बाजूला बर्म्युडा प्रकारातून निवडलेली जात. हा मुळातच सौम्य. जॉर्जियाच्या वाळूत तो आणखी सौम्य झाला आणि व्हिडालिया म्हणजे ग्रॅनेक्स असं समीकरण झालं. म्हणजे ज्या कांद्याने नाव कमावलं तो १९३१चा कांदा ग्रॅनेक्स नव्हताच, तेव्हा ग्रॅनेक्स जन्मालाही आला नव्हता. आणि आज त्या नावाने मिळतो तो १९३१चा कांदा नाही.

इथे भांडण सुरू होतं. नाव मोठं झालं की नकला येतात, हे आपल्याकडच्या हापूसवाल्यांना वेगळं सांगायला नको. बाहेरचा कांदा व्हिडालियाच्या पिशव्यांत भरून विकला जाऊ लागला. शेतकरी ओरडले, आणि १९८६ मध्ये जॉर्जियाने कायदा केला: ठरलेल्या १३ काउंट्या आणि आणखी काहींचे भाग एवढ्या हद्दीतच पिकलेला, आणि ग्रॅनेक्स प्रकारचाच कांदा व्हिडालिया म्हणवून घेऊ शकेल. १९८९ मध्ये केंद्र सरकारची व्यवस्थाही आली. गंमत बघा, कायद्याने माती आणि बी दोन्ही अटी घातल्या. भूगोल एकटा पुरत नाही हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं.

टेक्सासवाले वेगळ्या वाटेने गेले. तिथे लेनर्ड पाइक यांनी निवड करत करत सौम्य कांदा काढला. तो १९८३ मध्ये बाजारात आला. नाव '१०१५'. का, तर पेरायची तारीख १५ ऑक्टोबर, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. व्हर्जन नंबर देणारे आम्हीच नाही तर!

मग जमीन की बी? जॉर्जिया विद्यापीठात विल्यम रँडल यांनी नव्वदच्या दशकात हा प्रश्न नीट मांडून तपासला. वेगवेगळ्या जातींना कमी-जास्त गंधक देऊन तिखटपणा मोजला. गंधक वाढवलं की तिखटपणा वाढतो, हे अपेक्षितच. पण सगळ्या जातींत सारखा वाढत नाही. काही जाती गंधक मिळताच उसळतात, काही थोड्याच हलतात. भरपूर गंधकात ज्या जातींचा जो क्रम लागतो तो गंधक कमी केल्यावर तसाच राहत नाही. म्हणून "ही जात सौम्य आहे" हे वाक्य जमिनीचं नाव घेतल्याशिवाय अर्धवट, आणि "ही जमीन गोड आहे" हे जातीशिवाय अर्धवट. माझं कोड-आणि-इनपुट इथेच फसलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये इनपुट बदलल्यावर कोड वेगळा वागू लागला तर मी त्याला बग म्हणतो. झाडात ते रोजचंच काम आहे.

आणि गंधक पूर्ण बंद करूनही चालत नाही. ते प्रथिनांनाही लागतं, नाहीतर रोपच पिवळं पडून बसतं. जॉर्जियातले शेतकरी सुरुवातीला थोडं गंधक देतात आणि कांदा पोसायला लागायच्या आधी हात आखडता घेतात. कायद्याच्या हद्दीत पिकला म्हणून प्रत्येक कांदा गोड निघतोच असंही नाही.

थोडं विषयांतर, पण मला हे वाचून खरंच धक्का बसला होता. गंधक आकाशातूनही पडायचं! कोळसा जाळला की सल्फर डायऑक्साइड, त्यातून आम्लपाऊस. जंगलं आणि तळी यांची त्याने वाट लावली, पण शेतांवर ते फुकटचं खतही पडत होतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे, आणि जुन्या पिकांचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेत. त्या बाटल्या उघडून शास्त्रज्ञांनी गव्हातल्या गंधकाचा शंभराहून जास्त वर्षांचा माग काढला, आणि हवेतल्या प्रदूषणाचा चढ-उतार धान्यात सापडला. ब्रिटनमध्ये सत्तरच्या सुमारास हे उत्सर्जन शिगेला होतं, नंतर ते ९० टक्क्यांहून जास्त घटलं. हवा स्वच्छ झाली, माणसं मोकळा श्वास घेऊ लागली, आणि शेतं गंधकाला महाग झाली. मग तिथल्या शेतकऱ्यांना गंधक विकत आणून टाकायची वेळ आली.

चवीशी याचा संबंध? गंधक कमी पडलं की गव्हाच्या दाण्यात ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल साठत जातं. पाव भाजताना तेच साखरेशी मिळून कडेचा तपकिरी रंग-वास तयार करायला भाग घेतं, पण त्याच वाटेवर ॲक्रिलामाइड हा नकोसा पदार्थही बनतो. २००६ मध्ये रोथॅमस्टेडच्या संशोधकांनी दाखवलं की गंधकाविना वाढवलेल्या गव्हाच्या पिठात तो कितीतरी जास्त तयार होतो.

बरं, परत कांद्यावर. २००२ मध्ये जपानमधल्या हाउस फूड्स या कंपनीच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक शोध छापला. ही कंपनी करी मसाला विकते, म्हणजे कांदा-लसूण हा त्यांच्या रोजच्या कामातला. तोवर समज असा होता की ॲलिनेजने काम केल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा रेणू आपोआप बनतो. यांनी दाखवलं की त्यासाठी कांद्यात आणखी एक स्वतंत्र एन्झाइम आहे. म्हणजे चव आणि अश्रू यांच्या वाटा वेगळ्या करता येतील! २००८ मध्ये न्यूझीलंडमधल्या गटाने ते जनुक दाबून, डोळ्यांत पाणी न आणणारा कांदा प्रयोगशाळेत करून दाखवला. जपानी गटाला २०१३चं इग नोबेल मिळालं, हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पुढे त्यांनी बियांवर आयन किरणांचा मारा करून 'स्माइल बॉल' नावाचा कांदा काढला. त्यात ॲलिनेजच जवळजवळ गायब आहे, त्यामुळे रडू नाही आणि तिखटपणाही नाही.

आता मामाचा प्रश्न. टिकतो किती दिवस?

व्हिडालियाचं दुखणं तेच आहे. पाणीदार कांदा, सालं पातळ, ठेच लागली की संपला. नव्वदच्या दशकात सफरचंदवाल्यांकडून नियंत्रित हवेची शीतगृहं उसनी घेतली तेव्हा कुठे हंगाम लांबला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कांद्याच्या गुणसूत्रांचा नकाशा तपासला. त्यांना दिसलं की घट्टपणा म्हणजे कांद्यातला सुका भाग, तिखटपणा, आणि रक्तातल्या गुठळ्या रोखायचा गुण हे एकमेकांना धरून चालतात. तिखटपणा काढायला गेलात की बाकीचंही हातातून निसटू लागतं. वनस्पतीच्या बाजूने बघितलं तर ते साहजिक आहे. ती संयुगं तिने किडे आणि बुरशी दूर ठेवायला केलीत, आपल्या कोशिंबिरीसाठी नाही.

निफाडला मार्च-एप्रिलात उन्हाळ कांदा निघतो आणि चाळीत पडतो. भाव येईपर्यंत म्हणजे कधी सप्टेंबर, कधी ऑक्टोबर. चार-पाच महिने नुसत्या वाऱ्यावर, विजेशिवाय. पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून आलेल्या एन-२-४-१ सारख्या जातींनी नाव कमावलं ते टिकण्यासाठी. आपल्याकडे निवड त्या दिशेने झाली, कारण शेतकऱ्याची सगळी सौदेबाजी चाळीतल्या मालावर चालते. सौम्य कांदा लावायचा तर काढला की विकायचा, म्हणजे पडेल त्या भावाला. काही वर्षांपूर्वी मामाने कुणा दुकानदाराचं ऐकून 'सॅलडला चालतो' म्हणून वेगळं बी लावलं होतं. जुलैत चाळीतून पाणी गळायला लागलं. त्या वर्षीचा वास मला अजून आठवतो. त्या वर्षी माझ्या मामेबहिणीची हॉस्टेलची फी आमच्या घरून गेली. त्यामुळे "गोड कांदा का लावत नाहीस" असं विचारणं मी सोडून दिलंय.

अर्थात महाराष्ट्रात गोड कांदा आहेच. अलिबागचा पांढरा. भात निघाल्यावर त्याच जमिनीत लावतात, आणि पातीच्या वेण्या घालून माळा करून विकतात. अलिबागला गेलात तर रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतील. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी जी वैशिष्ट्यं मांडली गेली त्यात कमी पायरुविक आम्ल आहे आणि तिथल्या जमिनीत गंधक कमी असल्याची नोंदही आहे. कोलमनच्या वाळूची आणि आपल्या कोकणातल्या भातखाचराची अशी ओळख निघेल असं मला वाटलं नव्हतं. आणि तिथेही शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचं बी धरलेलं आहे, म्हणजे नुसती माती तिथेही नाही.

शेवटी माझा स्वतःचा प्रयोग. गेल्या रब्बीत मामाकडे हट्ट करून दोन वाफे मागून घेतले. एकच उळं, एकच रोप, लागवड एकाच दिवशी. एका वाफ्याला मामाचं नेहमीचं सिंगल सुपर फॉस्फेट, ज्यात स्फुरदाबरोबर गंधकही येतं. दुसऱ्याला स्फुरद डीएपीतून, ज्यात गंधक नसतं. नत्राचा हिशेब मी युरियाने जुळवला, वहीत लिहून. मामा बांधावर उभा राहून बघत होता. काही बोलला नाही, म्हणजे बोलायचं बरंच होतं.

एप्रिलात दोन्हीकडचे पाच-पाच कांदे स्वयंपाकघरात नेले. मामीला न सांगता, खुणा करून. मामीने दहाही चिरले, डोळे पुसले आणि म्हणाली, "दोन्हीकडचे तिखटच आहेत रे. काय शोधतोयस?"

फरक शून्य. मी हिरमुसून बसलो तेव्हा मामा म्हणाला, "इतकी वर्षं त्या रानात सुपर फॉस्फेट पडतंय. काळी जमीन आहे. एका हंगामात कुठं संपतंय?" त्यात बी चाळीसाठी निवडलेलं, म्हणजे तिखटाकडेच झुकणारं. शिवाय विहिरीच्या पाण्यात सल्फेट किती हे मी तपासलंच नव्हतं. वाळू नव्हती, ग्रॅनेक्स नव्हता, आणि मी मात्र जॉर्जियाच्या निकालाची वाट बघत बसलो होतो.

या वर्षी पाणी तपासून घ्यायचं ठरलंय. मागचे दोन्ही वाफ्यांचे कांदे चाळीत एकत्रच गेले, ऑक्टोबरात लासलगावला विकले गेले. रूममेटला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, त्याला आता देशी दुकानात लाल कांदा सापडलाय, लहान, कडक, आणि महाग. मागच्या रविवारी त्याचा परत फोटो आला. ताटात भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा, आणि त्याचे लाल झालेले डोळे.